परवाना बंदुकीचा की माणसाचा?

फेब्रुवारी २०२४ मध्ये अवघ्या आठवड्याच्या अंतराने महाराष्ट्रात गोळीबाराच्या दोन घटना घडल्या. उल्हासनगर येथे एका विद्यमान आमदाराने पोलीस ठाण्यातच मित्रपक्षाच्या पुढाऱ्यावर गोळ्या झाडल्याचा आरोप झाला. दहिसर येथे एका माजी नगरसेवकाची हत्या झाली आणि मारेकऱ्याने स्वतःलाही संपविले. या दोन्ही प्रकरणांत वापरलेले शस्त्र गावठी कट्टा नव्हते. उल्हासनगरचे शस्त्र परवान्याचे होते. दहिसरचे पिस्तूल मारेकऱ्याच्या अंगरक्षकाच्या नावावर असून त्याचा परवाना उत्तर प्रदेशात दिला गेला होता, असे पोलिसांनी सांगितले. पुढे २०२५ च्या आरंभी बीड जिल्ह्यातील शस्त्रपरवान्यांची मोठी संख्या चर्चेचा विषय झाली. गुन्हे दाखल असलेल्यांच्या हातीही परवाने असल्याचे दिसून आले आणि जिल्हा प्रशासनाला अनेक परवाने रद्द करावे लागले.

याच महाराष्ट्रात दुसरे एक चित्र आहे. कोकणातील बागायतदार रानडुकरे व वानर यांच्या उपद्रवाने हैराण होऊन ठासणीच्या एका बंदुकीसाठी अर्ज करतो आणि तहसील, पोलीस ठाणे व जिल्हाधिकारी कचेरी यांच्या पायऱ्या झिजवीत राहतो. ज्याच्या हाती शस्त्र असावयास हवे होते त्याला ते दुर्मीळ आणि ज्याच्या हाती ते जाता कामा नये होते त्याच्या कमरेला ते सहज, अशी ही विपरीत अवस्था आहे. शस्त्रे असावीत की नसावीत, असा ढोबळ प्रश्न आपण करीत राहतो. खरा प्रश्न शस्त्र धारण करणाऱ्याची पारख कोणी, कशी व किती काळ करावयाची, हा आहे.

हक्क की सवलत?

या प्रश्नाला आपल्या देशात मोठा इतिहास आहे. १८५७ च्या उठावानंतर प्रजेच्या हातातील शस्त्रे काढून घेण्याचे धोरण इंग्रज सरकारने अवलंबिले आणि लॉर्ड लिटन यांच्या कारकीर्दीत १८७८ चा शस्त्रकायदा त्याच धोरणातून अवतरला. युरोपियनांना त्यातून सूट होती. हिंदी माणसाला मात्र परवान्यासाठी आपली राजनिष्ठा सिद्ध करावी लागे. हा कायदा राष्ट्रीय मानहानीचे प्रतीक मानला गेला, यात नवल नाही. मार्च १९३१ मध्ये कराची काँग्रेसने मूलभूत हक्कांचा जो ठराव केला, त्यात नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याच्या नागरिकांच्या हक्काचाही समावेश होता.

मात्र स्वातंत्र्यानंतर घटना परिषदेने हा हक्क मूलभूत हक्कांत घातला नाही. डिसेंबर १९४८ मध्ये हरि विष्णू कामत यांनी तशी दुरुस्ती सुचविली, तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तिला विरोध केला. जुन्या मागणीमागील परिस्थिती आता पालटली आहे. शस्त्रधारण हा व्यक्तीचा हक्क मानण्यापेक्षा देशरक्षणासाठी शस्त्र हाती घेणे हे तिचे कर्तव्य मानणे अधिक योग्य. आणि सरसकट हक्क दिला तर ज्यांच्या हाती शस्त्र पडू नये अशा गुन्हेगारांनाही तो सांगता येईल, असा त्यांच्या विवेचनाचा आशय होता. परिषदेने दुरुस्ती फेटाळली. हक्क आणि जबाबदारी यांची सांगड कशी घालावी, याची दिशा तेथेच ठरून गेली होती.

जेथे हा हक्क घटनेतच आहे, त्या अमेरिकेतही तो निरपवाद नाही. वैयक्तिक शस्त्रधारणेचा हक्क तेथील सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली मान्य केला, पण गुन्हेगार व मनोरुग्ण यांच्यावरील बंधने कायम राहू शकतात, हेही त्याच निकालात सांगितले. कौटुंबिक हिंसाचारामुळे न्यायालयाने ज्याच्यावर मनाईहुकूम बजावला आहे, त्याच्याकडून शस्त्र काढून घेता येते, असा निर्णय २०२४ साली याच न्यायालयाने दिला. तेव्हा हक्क म्हणा की सवलत म्हणा, माणसाच्या पारखेपाशी येऊन थांबणे दोन्ही वाटांना अटळ आहे.

कायदा काय म्हणतो?

आपला १९५९ चा शस्त्रअधिनियम अनेकांना वाटतो त्याहून अधिक विचारपूर्वक रचलेला आहे. पिकाच्या रक्षणासाठी खऱ्या गरजेपोटी मागितलेली ठासणीची बंदूक किंवा संरक्षणासाठी व खेळासाठी मागितलेली लांब नळीची साधी बंदूक यांचा परवाना, अर्जदारात अन्य दोष नसल्यास, द्यावा, अशी या कायद्याची भाषा आहे. रिव्हॉल्व्हर व पिस्तूल यांच्या बाबतीत मात्र अर्जदाराजवळ सबळ कारण आहे, अशी अधिकाऱ्याची खात्री पटली पाहिजे. लपवून नेता येणाऱ्या शस्त्राला कडक कसोटी आणि शेताच्या बांधावरील बंदुकीला सौम्य कसोटी, हा त्यातील विवेक आहे.

त्याच कायद्यातील आणखी एक तरतूद अधिक बोलकी आहे. अर्जदाराजवळ पुरेशी मालमत्ता नाही, एवढ्याच कारणावरून त्याला परवाना नाकारता येत नाही. परकीय सत्तेने जमीनजुमला व राजनिष्ठा यांच्या तराजूत जो अधिकार तोलला होता, तो स्वतंत्र भारताने सामान्य माणसाच्या पातळीवर आणला. व्यवहारात काय झाले? पिस्तुलासाठी ज्याला सबळ कारण दाखवावयाचे होते, त्याने वजनदार शिफारस दाखविली आणि ज्याला मालमत्तेअभावी अडवावयाचे नव्हते, तो कचेरीच्या व्हरांड्यात अडकून पडला. कायद्याने उलथून टाकलेली उतरंड कारभाराने पुन्हा उभी केली. आज अनेक ठिकाणी कमरेचे पिस्तूल हे जिवाच्या भीतीचे लक्षण उरलेले नाही. ते गावातील पत मोजण्याचे माप झाले आहे.

कायदा काळाबरोबर कडक होत गेला, हे खरे. १९८३ साली शस्त्र बाळगण्याचे किमान वय सोळावरून एकवीस वर्षांवर नेण्यात आले आणि एका व्यक्तीजवळ तीनांहून अधिक शस्त्रे नसावीत, अशी मर्यादा घातली गेली. २०१६ च्या नियमांनी शारीरिक व मानसिक आरोग्याचे प्रमाणपत्र, शस्त्र हाताळण्याचे प्रशिक्षण आणि ते सुरक्षित ठेवण्याची व्यवस्था यांवर भर दिला. २०१९ च्या दुरुस्तीने शस्त्रांची मर्यादा दोनवर आणली, बेकायदा शस्त्रनिर्मितीची शिक्षा जन्मठेपेपर्यंत वाढविली आणि लग्नाच्या वरातीत किंवा विजयाच्या मिरवणुकीत इतरांचा जीव धोक्यात घालून बार उडविणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा ठरविल्या. मात्र याच दुरुस्तीने परवान्याची मुदत तीन वर्षांवरून पाच वर्षांवर नेली. म्हणजे नूतनीकरणाच्या निमित्ताने परवानाधारकाकडे पुन्हा पाहण्याची वेळ पूर्वीपेक्षा उशिरा येऊ लागली.

आक्षेप आणि उत्तर

यावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो आणि तो दुर्लक्षिण्यासारखा नाही. आपल्या देशात बंदुकीने होणाऱ्या हत्यांपैकी बहुतांश हत्या बेकायदा शस्त्रांनी होतात. गावठी कट्टा विकणारा कोणाचा अर्ज मागवीत नाही आणि घेणारा कोणाला आरोग्याचे प्रमाणपत्र दाखवीत नाही. मग परवान्याचे नियम कडक करून आपण प्रामाणिक माणसालाच जाचतो, असे होत नाही काय?

आक्षेपाचा पूर्वार्ध खरा आहे. निष्कर्ष मात्र चुकीचा आहे. बेकायदा शस्त्रांचे कारखाने व वाहतूक मोडून काढणे हे पोलिसांचे पहिले काम आहे आणि परवान्याची कडक तपासणी त्या कामाला पर्याय होऊ शकत नाही. परंतु बेकायदा शस्त्राविषयी राज्यसंस्थेला निदान असे म्हणता येते, की ते तिच्या नकळत आले. परवान्याच्या शस्त्रामागे सरकारची मोहोर असते. या माणसाला आम्ही पारखले आहे, अशी ती समाजाला दिलेली हमी असते. ती हमी खोटी ठरली तर तिची जबाबदारी दुसऱ्या कोणावर ढकलता येत नाही.

ही हमी किती महाग पडू शकते, याची दोन उदाहरणे जगासमोर आहेत. १३ मार्च १९९६ रोजी स्कॉटलंडमधील डनब्लेन गावच्या प्राथमिक शाळेत एका इसमाने सोळा मुले व त्यांच्या शिक्षिका यांना ठार केले. त्याची पिस्तुले परवान्याची होती. त्याच्याजवळ शस्त्रे राहू देऊ नयेत, असा अहवाल एका पोलीस अधिकाऱ्याने १९९१ सालीच वरिष्ठांकडे धाडला होता. त्यावर कृती झाली नाही. १५ मार्च २०१९ रोजी न्यूझीलंडमधील ख्राइस्टचर्च येथे दोन मशिदींत एकावन्न माणसे मारली गेली. मारेकऱ्याला २०१७ साली रीतसर परवाना मिळाला होता. अर्जदाराला जवळून ओळखणाऱ्या व्यक्तींची साक्ष घेण्याची तेथे पद्धत होती; पण त्याच्यासाठी साक्ष दिली ती संगणकावरील खेळातून ओळख झालेल्या एका मित्राने व त्या मित्राच्या पालकाने. पुढे नेमलेल्या शाही चौकशी आयोगाने पोलिसांच्या या ढिसाळ पडताळणीवर बोट ठेवले.

दोन्ही ठिकाणी कायदा होता आणि अर्जाचे नमुनेही होते. उणीव होती ती अर्जामागील माणसाकडे पाहण्यात. त्यानंतर जे घडले तेही ध्यानात घेण्यासारखे आहे. ब्रिटनने १९९७ साली खाजगी पिस्तुलांवर जवळजवळ संपूर्ण बंदी घातली आणि निर्दोष नेमबाजांनाही सरावासाठी परदेशी जावे लागले. न्यूझीलंडने महिनाभरातच बहुतेक निमस्वयंचलित शस्त्रे बाद केली. पारख करणारे जेव्हा झोपी जातात, तेव्हा त्याची किंमत प्रथम निरपराधांचे प्राण देतात आणि नंतर जबाबदार शस्त्रधारक आपल्या मोकळीकीने चुकवितात. म्हणून कडक पडताळणी ही जबाबदार शस्त्रधारकाच्या विरुद्ध नाही. तिच्यात सर्वांत मोठे हित त्याचेच आहे.

भार कोठे हलका करावा?

निर्बंध विवेकी असावेत, याचा अर्थ ते सर्वत्र सारखेच जड असावेत असा नाही. कर्नाटकातील कोडगू जिल्ह्यात कोडव समाजाला व तेथील जम्मा जमीनधारकांना इंग्रजी अमदानीपासून काही शस्त्रांच्या बाबतीत परवान्यातून सूट आहे. केंद्र सरकारने ती २०१९ साली आणखी दहा वर्षे चालू ठेवली आणि कर्नाटक उच्च न्यायालयाने २०२१ साली ती वैध ठरविली. आपण खंडेनवमीला शस्त्रे पूजितो, तशी कोडव घरांतही सणाला बंदूक पूजिली जाते. जेथे शस्त्राभोवती परंपरेचे व समाजाच्या धाकाचे कुंपण आहे, तेथे राज्यसंस्थेने विश्वास ठेवला, एवढाच त्याचा अर्थ.

आपल्याकडे असा विश्वास कोकणातील व घाटमाथ्यावरील शेतकऱ्याला मिळावयास हवा. पिकाच्या संरक्षणाची बंदूक हाती असली तरी वन्यजीव कायद्यामुळे वनखात्याच्या अनुज्ञेशिवाय त्याला जनावर मारता येत नाही. पुष्कळदा आवाजाने कळप पिटाळणे एवढेच त्याचे काम असते. तरीही निवडणूक जाहीर झाली की सर्वांना सरसकट शस्त्रे जमा करण्याचे फर्मान सुटते आणि नेमकी पिके उभी असताना बंदूक पोलीस ठाण्यात पडून राहते. असे सरसकट आदेश काढू नयेत, प्रत्येक परवानाधारकाचा स्वतंत्र विचार व्हावा, असे उच्च न्यायालयांनी वेळोवेळी बजावले आहे. खेळाडूंच्या बाबतीतही हाच न्याय हवा. २०१० साली जागतिक अजिंक्यपद मिळविणाऱ्या तेजस्विनी सावंत आणि २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक जिंकणारे स्वप्नील कुसाळे हे दोघेही कोल्हापूर जिल्ह्याचे. अशा मातीतील होतकरू नेमबाजाला संशयिताची वागणूक मिळू नये.

यासाठी नव्या कायद्याची फारशी गरज नाही; आहे त्या कायद्याच्या आशयाकडे परतणे पुरेसे आहे. पहिली गोष्ट म्हणजे, परवाना नाकारताना कारणे लेखी नोंदविण्याचे बंधन अधिकाऱ्यावर आहे. पिस्तुलाचा परवाना देतानाही ‘सबळ कारण’ कोणते, याची तशीच लेखी नोंद व्हावी आणि प्रत्येक जिल्ह्यातील परवान्यांची संख्या प्रकारवार दरवर्षी प्रसिद्ध व्हावी. दुसरे, पाच वर्षांच्या नूतनीकरणाची वाट न पाहता, परवानाधारकावर मारहाणीचा, धमकीचा वा घरातील हिंसाचाराचा गुन्हा दाखल होताच त्याच्या परवान्याचा फेरविचार आपोआप सुरू व्हावा. परवाना निलंबित करण्याचा अधिकार कायद्यात आहेच. तो वापरण्याची सवय प्रशासनाला नाही. तिसरे, शेतकऱ्याच्या बंदुकीचा अर्ज व शहरातील पिस्तुलाचा अर्ज यांच्या वाटाच निराळ्या कराव्यात आणि पहिल्याचा निकाल पेरणी ते कापणी यांच्या आत लागावा.

शिक्षकाची नेमणूक करताना आपण त्याचे चारित्र्य पाहतो, वाहनचालकाची दृष्टी तपासतो, लिपिकाच्या हाती रोकड देताना जामीन मागतो. दुसऱ्याचा जीव ज्याच्या बोटाच्या हालचालीवर अवलंबून राहणार, त्याच्याविषयी मात्र एका शिफारसपत्रावर समाधान मानतो. बंदुकीवर क्रमांक कोरलेला असतो, तिची नोंद ठेवणे सोपे असते. माणूस बदलतो, कर्ज, व्यसन, वैर आणि सत्ता यांनी तो पाच वर्षांत ओळखू न येण्याइतका पालटू शकतो. परवान्यावर नाव माणसाचे असते. ते नाव वाचणारा अधिकारी खुर्चीवर जागा असेल, तर बागायतदाराची बंदूक त्याच्या खांद्यावर राहील आणि गुंडाच्या कमरेचे पिस्तूल सरकारजमा होईल.