शरीरातली चिप : भीती कशाची बाळगायची?

८ नोव्हेंबर २०१६च्या रात्री नोटबंदी जाहीर झाली आणि पाठोपाठ नव्या दोन हजारांच्या नोटेत ‘नॅनो चिप’ असल्याची बातमी घरोघरी पोचली. नोट जमिनीत १२० मीटर खोल पुरली तरी उपग्रहाला दिसणार, असं छातीठोकपणे सांगितलं जात होतं. रिझर्व्ह बँकेने दिलेल्या नोटेच्या वैशिष्ट्यांत चिपचा उल्लेखही नव्हता, पण अफवेला त्याने काही फरक पडला नाही. २०२१मध्ये तीच चिप करोनाच्या लसीत शिरली. आज हातात खरोखरच चिप बसवून घेतलेली माणसं जगात आहेत. त्यांचे व्हिडिओ फिरू लागले की या जुन्या अफवाही पुन्हा खऱ्या वाटू लागतात. म्हणून ही चिप असते कशी आणि चालते कशी, हे आधी पाहायला हवं.

तांदळाच्या दाण्यासारखी दिसणारी ही काचेची बंद कुपी असते. लांबी साधारण १२ मिलिमीटर, जाडी २ मिलिमीटर. आत सिलिकॉनचा बारीक तुकडा आणि तांब्याच्या तारेचं वेटोळं. बॅटरी नसते. अंगठा आणि तर्जनी यांच्या मधल्या मऊ भागात जाड सुईने ती कातडीखाली सोडतात. चिप वाचणारं यंत्र म्हणजे रीडर जवळ आला की त्याच्या चुंबकीय क्षेत्रामुळे वेटोळ्यात क्षणभर वीज तयार होते. तेवढ्या वेळात चिप आपला क्रमांक सांगते आणि रीडर दूर गेला की बंद पडते. मेट्रोचं कार्ड किंवा टॅप करून पैसे भरायचं डेबिट कार्ड असंच चालतं. कार्ड खिशात ठेवून गेटसमोर उभं राहिलं तर गेट उघडत नाही. हातातल्या चिपचं वेटोळं तर कार्डातल्यापेक्षा लहान असतं, त्यामुळे हात रीडरला जवळजवळ टेकवावाच लागतो. या कामासाठी सर्रास वापरल्या जाणाऱ्या एका चिपची साठवणक्षमता ८८८ बाइट आहे. देवनागरीत त्यात तीनशे चिन्हंसुद्धा बसत नाहीत.

गैरसमज : चिप बसवली की माणूस कुठे आहे, ते सतत कळतं

ठावठिकाणा कळण्यासाठी उपग्रहाचे संकेत टिपणारी यंत्रणा हवी, मिळालेली माहिती पुढे पाठवणारं साधन हवं आणि दोन्ही चालवायला बॅटरी हवी. या कुपीत यातलं काहीच नाही. इंग्लंडमध्ये २०१६पासून पाळीव कुत्र्यांना चिप बसवणं सक्तीचं आहे. तरीही तिथे कुत्रा हरवला तर मालकाला तो नकाशावर दिसत नाही. कुणीतरी त्याला पशुवैद्याकडे न्यावं लागतं, तिथे स्कॅनर फिरवून १५ आकडी क्रमांक वाचावा लागतो आणि तो नोंदवहीत शोधावा लागतो. तेव्हा कुठे मालकाचा फोन नंबर मिळतो.

पण एवढ्यावर निर्धास्त होऊ नये. आपल्या गाडीच्या काचेवरचा फास्टॅग याच कुळातला. तो थोड्या लांबून वाचता येतो एवढंच. त्यातही जीपीएस नाही आणि बॅटरीही नाही. तरी मुंबईहून साताऱ्याला जाणारी गाडी कुठल्या टोलनाक्यावरून किती वाजता गेली, याची नोंद राहते, कारण नाक्यावर रीडर आहे आणि त्यामागे नोंदी ठेवणारा संगणक आहे. हातातल्या चिपचं हेच होऊ शकतं. कचेरीचं दार, कँटीन, लिफ्ट, स्वच्छतागृह अशा प्रत्येक ठिकाणी रीडर लावला तर मुकी चिपसुद्धा माणसाचा दिवसभराचा हिशेब देईल. म्हणून चिपपेक्षा रीडर कुणाचा आणि नोंदी कुणाच्या ताब्यात, हे विचारणं जास्त गरजेचं आहे.

गैरसमज : लसीतून चिप टोचतात

लस देण्यासाठी सर्रास वापरतात त्या २५ गेजच्या सुईचं आतलं छिद्र पाव मिलिमीटरच्या आसपास असतं. दोन मिलिमीटर जाडीची कुपी त्यातून जाणार नाही. शिवाय कोव्हिशील्डच्या एका बाटलीतून दहा जणांना लस मिळायची. प्रत्येकाच्या वाट्याला नेमकी एकेक चिप यावी, अशी कुठलीही व्यवस्था त्या द्रवात असू शकत नाही.

गैरसमज : स्वीडनमध्ये सगळ्यांना चिप सक्तीची आहे

सुमारे एक कोटी लोकांच्या त्या देशात चिप घेतलेले काही हजार आहेत, आणि सगळ्यांनी ती आपणहून घेतली आहे. स्टॉकहोममधल्या एपिसेंटर या केंद्रात २०१५पासून दारं उघडायला आणि छपाईयंत्र चालवायला काही जण ती वापरू लागले. २०१७मध्ये एसजे या रेल्वे कंपनीने चिपवर तिकीट दाखवायची सोय केली. करोनाच्या काळात एका कंपनीने लसीचं प्रमाणपत्र चिपवर ठेवून दाखवलं आणि त्या व्हिडिओखाली ‘सरकारची सक्ती’ असं लिहून तो जगभर पाठवला गेला.

गैरसमज : चिप कुणी चोरू शकत नाही, म्हणून ती सुरक्षित

हा समर्थकांचा गैरसमज आहे आणि मला तो जास्त घातक वाटतो. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने ऑक्टोबर २००४मध्ये ‘व्हेरीचिप’ला माणसासाठी परवानगी दिली. कल्पना चांगली होती. अल्झायमर झालेले आजोबा रस्ता चुकले किंवा बेशुद्ध रुग्ण दवाखान्यात आला, तर १६ आकडी क्रमांक वाचायचा आणि त्यावरून त्याच्या औषधांची माहिती काढायची. प्रत्यक्षात त्यासाठी दवाखान्यात स्कॅनर हवा, घाईगर्दीत तो फिरवायचं कुणाला सुचायला हवं आणि नोंदही ताजी हवी. मनगटावरचं ‘मधुमेह, इन्सुलिन चालू’ लिहिलेलं कडं रस्त्यावरचा माणूसही वाचू शकतो. २०१०मध्ये व्हेरीचिपची विक्री थांबली. त्याआधीच, २००६मध्ये, जोनाथन वेस्टह्यूज या अभियंत्याने स्वतः बनवलेल्या उपकरणाने तिची नक्कल करून दाखवली होती. पुढच्या काळातल्या काही चिपमध्ये सांकेतिक कुलूप आलं, हे खरं. पण पासवर्ड फुटला तर तो बदलता येतो, कार्ड हरवलं तर बँकेत फोन करून बंद करता येतं. इथे चिप बदलायची तर कातडीला छेद द्यावा लागतो.

कर्करोगाची भीतीही अधूनमधून उठते. प्रयोगशाळेतल्या काही उंदरांमध्ये चिपभोवती गाठी आढळल्याच्या बातम्या २००७मध्ये आल्या होत्या. उंदरांच्या शरीरात परक्या वस्तूभोवती अशा गाठी सहज होतात. माणसात तसा पुरावा मिळालेला नाही. आसपासच्या ऊतींवर प्रतिकूल परिणाम होणं, चिप जागची सरकणं, एमआरआय करताना अडचण येणं हे धोके मात्र अमेरिकी प्रशासनाने परवानगी देतानाच नोंदवले होते.

गैरसमज : पेसमेकरपासून न्यूरालिंकपर्यंत सगळ्या चिप सारख्याच

८ ऑक्टोबर १९५८ रोजी स्टॉकहोममध्येच आर्ने लार्सन यांच्या शरीरात जगातला पहिला पेसमेकर बसवला गेला. ते २००१पर्यंत जगले. जन्मतः बहिऱ्या मुलांना कॉक्लिअर इम्प्लांटमुळे ऐकू येतं आणि आपल्याकडे केंद्राच्या एडीआयपी योजनेतून गरीब घरातल्या मुलांना त्यासाठी मदत मिळते. जानेवारी २०२४मध्ये न्यूरालिंक या कंपनीचं उपकरण प्रथम माणसाच्या मेंदूत बसवलं गेलं. हातपाय हलवू न शकणारा तो तरुण नुसत्या विचाराने संगणकाचा कर्सर हलवू लागला. दार उघडण्याच्या सोयीशी या उपकरणांची बरोबरी करणं रुग्णांवर अन्यायाचं आहे. त्यांच्यासाठी धोका पत्करण्यात अर्थ आहे.

पण तिथेही एक ठेच लागलेली आहे. ‘आर्गस २’ हे कृत्रिम दृष्टिपटल ३५०हून अधिक अंध व्यक्तींना बसवलं गेलं. पुढे कंपनी आर्थिक अडचणीत आली आणि तिने हे उत्पादन बंद केलं. दुरुस्ती आणि सुट्या भागांचा आधार गेला, उपकरणं मात्र लोकांच्या डोळ्यांतच राहिली.

गैरसमज : नको असेल त्याने घेऊ नये, प्रश्न मिटला

ऑगस्ट २०१७मध्ये अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात थ्री स्क्वेअर मार्केट या कंपनीच्या सुमारे ५० कर्मचाऱ्यांनी हातात चिप बसवून घेतली. सक्ती नव्हती. पण त्याच राज्याने २००६मध्येच कायदा करून ठेवला होता : कुणालाही चिप बसवायला भाग पाडलं तर दिवसाला १० हजार डॉलरपर्यंत दंड. नोकरी देणाऱ्याच्या ‘विनंती’ला नाही म्हणणं किती कठीण असतं, हे त्या कायदेमंडळाने ओळखलं होतं.

आपल्याकडे हे ओळखणं जास्त निकडीचं आहे. नागपूर महापालिकेने सफाई कामगारांच्या मनगटावर जीपीएसची घड्याळं बांधली, तेव्हा नाही म्हणायची सोय त्यांच्यापैकी किती जणांकडे होती? घड्याळ निदान घरी गेल्यावर काढून ठेवता येतं. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला आणि स्वतःच्या शरीरावरचा अधिकार त्यात धरला. तो निकाल भक्कम आहे. पण कंत्राटी कामगार, वसतिगृहातली मुलगी, वृद्धाश्रमातले आजोबा यांनी त्यासाठी कोर्टाची पायरी चढावी, अशी अपेक्षा कशी करायची? विस्कॉन्सिनसारखा साधा, नेमका कायदा इथेही हवा आणि तो चिप बाजारात रुळण्याआधी हवा.

तोवर तुमच्या कंपनीने, मुलांच्या शाळेने किंवा सोसायटीने चिप, घड्याळ, टॅग असं काहीही अंगावर घ्यायला सांगितलं, तर चार गोष्टी लेखी मागा : नोंदी कुठे राहतील, त्या कोण पाहील, किती दिवसांनी पुसल्या जातील आणि नकार दिला तर काय होईल. उत्तर लेखी मिळेपर्यंत सही करू नका.