सांत्वनगीताची घडण : ‘यूव्ह गॉट अ फ्रेंड’ – एक अभ्यास

प्रस्तावना :
दुःखी माणसाला धीर देताना आपण बहुधा उपदेश करू लागतो. उपदेशावाचून आधार कसा देता येतो, याचे उत्तम उदाहरण म्हणजे अमेरिकन गीतकार व गायिका कॅरोल किंग यांचे ‘यूव्ह गॉट अ फ्रेंड’ हे गीत होय. प्रस्तुत लेखात या गीताची पार्श्वभूमी, स्वररचना, आशय व मर्यादा यांचा थोडक्यात विचार केला आहे.

पार्श्वभूमी :
किंग यांच्या ‘टॅपेस्ट्री’ (१९७१) या अल्बममध्ये हे गीत समाविष्ट आहे. त्याच वर्षी जेम्स टेलर यांनी ते अकूस्टिक गिटारच्या साथीने गायिले. जोनी मिचेल यांनी त्यांना स्वरसाथ दिली. टेलर यांची ध्वनिमुद्रिका जुलै १९७१ मध्ये ‘बिलबोर्ड’च्या यादीत प्रथम क्रमांकावर पोहोचली. १९७२ मध्ये या गीतासाठी दोघांनाही ग्रॅमी पुरस्कार मिळाले. टेलर यांच्या ‘फायर अँड रेन’ (१९७०) या गीतामागे मैत्रिणीची आत्महत्या, व्यसन व रुग्णालयातील वास्तव्य यांचा अनुभव होता. त्या गीतातील एकाकीपणाच्या उद्गाराला किंग यांनी दिलेले हे उत्तर होते, असे टेलर यांनी सांगितले आहे.

रचना व आशय :
कडव्यांचा आरंभ मायनर स्वरावलीत होतो, तर ध्रुवपद तिच्याशी संबंधित मेजर स्वरावलीत स्थिरावते. उदासीनतेकडून आश्वासनाकडे होणारा हा प्रवास शब्दांआधी स्वरांतूनच जाणवतो. टेलर यांच्या गायनात लय संथ व वाद्ये मोजकी असल्याने गीताला संवादाची जवळीक लाभते.

संपूर्ण गीत ‘तू’ला उद्देशून आहे. त्यात दुःखाचे कारण विचारलेले नाही, सल्लाही दिलेला नाही. हाक मारताच येईन, एवढेच वचन आहे. चारही ऋतूंच्या उल्लेखामुळे त्या वचनाला काळाची मर्यादा उरत नाही. माणसे निष्ठुरही होतात, हे वास्तव गीत नाकारीत नाही. म्हणून हे सांत्वन भाबडे वाटत नाही.

मर्यादा :
सांत्वन म्हणजे उपचार नव्हे. टेलर यांची व्यसनमुक्ती १९८३ मध्ये, म्हणजे या गीतानंतर सुमारे बारा वर्षांनी झाली. दुसरे असे की, या गीतातील मित्र हाकेची वाट पाहतो. प्रत्यक्षात खचलेल्या माणसाला हाक मारणेच अनेकदा अशक्य होते. वर्गातील वाढती अनुपस्थिती, अचानक आलेला अबोला किंवा अपूर्ण राहिलेली प्रात्यक्षिक वही हीच विद्यार्थ्याची हाक असू शकते.

निष्कर्ष :
सोबतीचे वचन उपदेशाहून अधिक धीर देते, हे या गीतातून स्पष्ट होते. मात्र शिक्षकाने त्यापुढे एक पाऊल टाकणे आवश्यक आहे. विद्यार्थ्याच्या हाकेची वाट न पाहता आपण होऊन त्याची विचारपूस करावी, त्याचे म्हणणे शांतपणे ऐकावे व गरजेनुसार त्याला समुपदेशकापर्यंत स्वतः घेऊन जावे.