चाकूचं पातं आणि जास्त उजेडाचा गैरसमज

हाताने घडवलेल्या घडीच्या चाकूंचे फोटो काढण्याचा छंद लागला की पहिला सल्ला ठरलेला असतो: पातं काळं येतंय ना, मग उजेड वाढवा. त्यानुसार दिवे आणले जातात, फ्लॅश मारला जातो. पातं काळंच राहतं, फक्त मधोमध एक पांढराफटक डाग पडतो. तरीही निष्कर्ष निघतो तो ‘अजून एक दिवा हवा’ असाच. हा सल्ला इतक्या वेळा आणि इतक्या खात्रीने दिला जातो की तो मुळापासून खोडायला हवा. चमकदार पोलादाच्या फोटोत उजेड किती आहे हा प्रश्न दुय्यम आहे. तो कुठे आहे आणि पात्याच्या जागेवरून केवढा दिसतो, यावर सगळं ठरतं.

मुठीचं लाकूड किंवा हाड उजेड सगळीकडे विखुरतं, म्हणून दिवा वाढवला की मूठ उजळते. पॉलिश केलेलं पातं मात्र आरसाच असतं. उजेड ज्या कोनात आत येतो त्याच कोनात बाहेर जातो, या शाळेतल्या नियमानुसार कॅमेऱ्याला पात्यात खोलीचा एक ठरावीक भाग दिसतो. तो भाग अंधारा असेल तर पातं काळं, पांढरा असेल तर पांढरं. बाजूच्या दिव्याची ताकद दहापट केली तरी तो त्या भागात नसेल तर पात्याला त्याचा काही उपयोग नाही. शंका असेल त्याने फिल हंटर आणि पॉल फुक्वा यांचं १९९० साली पहिल्यांदा निघालेलं ‘लाइट: सायन्स अँड मॅजिक’ हे पुस्तक पाहावं. त्यात धातूच्या फोटोंवर स्वतंत्र प्रकरण आहे आणि त्याचा सगळा डोलारा या एका नियमावर उभा आहे. पुस्तक नको असेल तर प्रयोग करा. लहान दिव्याचं मुठीपासूनचं अंतर दुप्पट केलं की तिथला उजेड एक चतुर्थांशावर येतो. पात्यात दिसणारं दिव्याचं प्रतिबिंब मात्र तेवढंच प्रखर राहतं, फक्त आकाराने लहान होतं. एकाच चाकूचे दोन भाग दोन वेगळे नियम पाळतात, हे यातून डोळ्यांना दिसतं.

याचा सर्वांत मोठा फटका डमास्कस पात्यांना बसतो. हल्लीच्या अशा पात्यात दोन प्रकारच्या पोलादांचे थर भट्टीत एकजीव केलेले असतात. त्यांतल्या एकात बहुधा सुमारे २ टक्के निकेल असतं. तयार पातं फेरिक क्लोराइडच्या द्रावणात बुडवलं की बिननिकेलचा थर खरवडला जाऊन काळपट, मंद होतो आणि निकेलचा थर चकचकीत राहतो. या फरकातूनच नक्षी दिसते. पात्यात अंधारी खोली परावर्तित होत असेल तर चकचकीत थरही काळे दिसतात आणि कारागिराने कष्टाने आणलेली नक्षी फोटोतून जवळजवळ पुसली जाते. त्याच जागी ट्रेसिंग पेपरमागे ठेवलेला दिवा किंवा पांढरा पडदा लावलेली खिडकी आली की चकचकीत थर पांढरे होतात, मंद थर गडद राहतात आणि नक्षीची एकेक रेघ सुटी होते. फ्रान्समधल्या लायोल चाकूचंही तसंच. हाताने घडवलेल्या लायोलच्या स्प्रिंगच्या पाठीवर कानशीने बारीक पैलू काढलेले असतात आणि प्रत्येकाचा कोन वेगळा असतो. लहान दिव्याखाली त्यांतले दोन-चार लखलखतात, बाकीचे काळे पडतात. रुंद, मऊ उजेडात सगळे पैलू आपापल्या छटेसह दिसतात.

यावर एक आक्षेप हमखास येतो: ‘दिवा वाढवल्यावर आमचा फोटो तर सुधारला!’ सुधारला असेलही. बहुतेक वेळा नव्या दिव्याने शेजारची पांढरी भिंत किंवा छत उजळलेलं असतं आणि पात्यात ती भिंत दिसू लागलेली असते. श्रेय दिव्याला मिळतं, काम भिंतीने केलेलं असतं. तेच काम थर्माकोलचा एक तुकडा करतो. दुसरा आक्षेप म्हणजे ‘मग चाकू पांढऱ्या लाइट टेंटमध्येच ठेवावा’. त्यात पातं उजळतं हे खरं, पण सगळीकडून सारखंच पांढरं परावर्तित झाल्याने पात्याचा सपाट भाग आणि धारेकडचा उतार एकाच रंगाचे होतात आणि पात्याचा घाट हरवतो. त्यासाठी काळ्या कार्डपेपरची पट्टी हवी. ती योग्य जागी धरली की एका पृष्ठभागावर गडद छटा येते आणि दोन पृष्ठभाग जिथे मिळतात ती कड स्पष्ट उठते. तिसरा भरवसा पोलरायझर फिल्टरवर असतो. काच, पाणी, व्हार्निश यांवरून तिरपा परावर्तित झालेला उजेड ध्रुवित होतो, म्हणून तिथे हा फिल्टर चालतो. उघड्या धातूवरून आलेला उजेड फारसा ध्रुवित होत नाही. त्यामुळे लेन्सवरचा फिल्टर मुठीवरच्या व्हार्निशची चमक मारेल, पात्याची नाही.

बाकीचे गैरसमज थोडक्यात. ‘मोबाइलवर हे जमत नाही’: जमतं. फक्त वाइड लेन्सने जवळून काढू नका, टोक फुगलेलं दिसतं. मागे सरका आणि टेलिफोटो लेन्स असेल तर ती वापरा. ‘एफ/२२ वर सगळं सर्वांत रेखीव येतं’: खोली वाढते, पण प्रकाशाच्या विवर्तनाने रेखीवपणा उतरतो. ‘पांढरा कागद राखाडी येतो, म्हणजे कॅमेरा खराब’: कॅमेरा समोरचं दृश्य मध्यम छटेचं धरून चालतो, एक्स्पोजर थोडं वाढवा. ‘बोटांचे ठसे नंतर सॉफ्टवेअरने काढू’: पुसणं चाकूसाठीही गरजेचं आहे, कारण घामातल्या क्षारांनी कार्बन पोलाद गंजतं.

हे सगळं काटेकोरपणे सांगण्यामागे एक कारण आहे. हाताने घडवलेला चाकू बहुतेकांना फोटोतच भेटतो आणि घेणारेही त्यावरूनच कारागिराची पारख करतात. पांढऱ्या डागाखाली त्याची कानस झाकली जाते आणि चूकही. मोठ्या, मऊ उजेडाचं प्रतिबिंब पात्यावर एकसंध उतरलं तर घासणी सरळ आहे. ते कुठे वाकडं झालं तर तिथे हात हलला आहे. असा फोटो कारागिराला न्याय देतो आणि घेणाऱ्याला फसवत नाही. तेव्हा नव्या दिव्यावर पैसे घालण्याआधी ट्रेसिंग पेपर आणि काळा कार्डपेपर आणा आणि पातं थोडं थोडं तिरपं करत त्यात काय दिसतंय ते पाहा.