सीटवरचा रुमाल आणि कोडमधला 'पास'

सावर्ड्याला सणासुदीत चिपळूणची एसटी लागली की गाडीत पहिलं कोण चढतं? माणूस नव्हे, रुमाल! खिडकीतून सीटवर टाकला की काम झालं. मागून कुणी आलं तर एकच डायलॉग, 'जागा धरलीये इथे.'

बॉस, हाच फंडा प्रोग्रामिंगमध्येही चालतो. हे मला मामाकडे सावर्ड्याला गेल्यावर कळलं, तेही दोन महिन्यांचं मानधन अडकल्यावर.

फ्रीलान्सरचं निम्मं आयुष्य 'बिलाचं बघता का जरा?' विचारण्यात जातं. म्हणून जेमतेम शिकलेल्या पायथनवर मी एक छोटा प्रोग्राम लिहिला, थकलेल्या बिलांचे रिमाइंडर आपोआप मेल करणारा. तो रोज निमूट चालायचा. पैसे मात्र येईनात, आणि घरभाडं काही थांबत नाही. इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या मामेबहिणीने ओटीवर बसून कोड पाहिला आणि एका शब्दावर बोट ठेवलं. 'पास'.

"ताई, हे इथे कशाला?"

"कुठेतरी पाहिलं, ढापलं."

मग माझी शिकवणी झाली. पायथनमध्ये ओळींचा गट महिरपी कंसांनी बांधत नाहीत, ओळ किती आत सरकवली यावरून कुठलं काम कुठल्या अटीखाली ते ठरतं. त्यामुळे 'इफ' लिहून खाली काहीच नसेल तर तो अडून बसतो. नुसती कॉमेंटही चालत नाही, कारण कॉमेंट त्याच्या लेखी विधानच नाही. तिथे 'पास' लिहायचं. म्हणजे काही करू नकोस, पुढे हो. आधी सगळा आराखडा उभा करायचा, तपशील नंतर भरायचा, तोवर जागा धरून ठेवायला हा रुमाल! पायथनची ही एकट्याची मिजास नाही. 'सी'मध्ये एकटा अर्धविराम हेच काम करतो (आणि 'इफ'च्या ओळीनंतर चुकून पडला तर भल्याभल्यांची रात्र खातो). कोबोलमध्ये 'कंटिन्यू' आहे. प्रोसेसरच्या भाषेतसुद्धा 'नॉप' नावाची काहीच न करणारी आज्ञा असते.

"मग माझं चुकलं कुठे?"

"तू रुमाल सीटवर नाही टाकलास गं, कंडक्टरच्या तोंडावर टाकलास."

झालं होतं असं. मेल पाठवताना काही बिघडलं तर काय करायचं, या प्रश्नापुढे मी लिहिलं होतं 'पास'. दोन महिन्यांपूर्वी मी मेलचा पासवर्ड बदलला. तेव्हापासून प्रत्येक मेल अडत होता, प्रोग्राम प्रत्येक वेळी चूक गिळून पुढे जात होता, आणि मी इकडे संपादकांच्या नावाने बोटं मोडत होते!

तिने तो 'पास' काढून तिथे चूक दाखवणारी ओळ टाकली. लगेच स्क्रीनवर लॉगिन फसल्याचा मेसेज आला. एरर बघून इतकं हायसं मला कधी वाटलं नव्हतं. पासवर्ड भरला, साचलेले रिमाइंडर भराभर सुटले. पहिलं उत्तर मामीने आंबोळ्या वाढायच्या आत आलं, 'अहो, आधी का नाही कळवलंत?'

दुसरा एक 'पास' मात्र तिने राहू दिला. अर्धेच पैसे आले तर काय, ते अजून ठरवायचंय. शेजारी तिने कॉमेंट लिहिलीये, 'ताई, ही जागा तुझी.'