बॅटीच्या फळीतला दाब

ग्वाल्हेरच्या किला गेटपाशी किल्ल्याची चढण सुरू होते. महाविद्यालयाची सहल घेऊन मी तिथे उभा होतो, आणि आमची निम्मी मुले किल्ला सोडून गल्लीतले क्रिकेट बघत होती! त्यांचेही खरेच. याच शहरातल्या कॅप्टन रूपसिंग स्टेडियमवर २४ फेब्रुवारी २०१० रोजी सचिन तेंडुलकरने दक्षिण आफ्रिकेविरुद्ध १४७ चेंडूंत नाबाद २०० धावा केल्या होत्या. पुरुषांच्या एकदिवसीय आंतरराष्ट्रीय सामन्यांतले ते पहिले द्विशतक. (स्टेडियमला नाव मात्र हॉकीपटूचे, ध्यानचंद यांच्या धाकट्या भावाचे.)

गल्लीतल्या एका पोराच्या बॅटीला खालपासून अर्ध्यापर्यंत दोरा गुंडाळलेला होता. तो पाहून घरची बॅट आठवली. मुलासाठी इंग्लिश विलोची महागडी बॅट आणली होती. ‘‘एकदम तयार आहे, उद्यापासून खेळा,’’ असे दुकानदार म्हणाला, आम्हीही विश्वास ठेवला. दुसऱ्याच रविवारी बॅटीच्या टोकाला चीर गेली. पोरगा दोन दिवस नीट जेवला नाही.

विलो हे आपल्या ओढ्याकाठच्या वाळुंजाच्या कुळातले झाड. लाकडात हवेच्या पोकळ्या भरपूर, म्हणून ते हलके. पण मुळात इतके मऊ की चेंडूने खळगा पडावा. म्हणून बॅट घडवताना फळी यंत्रातल्या जड लोखंडी रुळाखालून काढतात. आपल्याकडचा उसाचा चरक डोळ्यांपुढे आणा, फक्त इथे रस काढायचा नसतो. समोरच्या बाजूचा पातळ थर चेपला जाऊन घट्ट होतो, आतले लाकूड मात्र मऊ राहते.

सगळी करामत या थराची. दाब कमी पडला तर बॅटीला खळगे पडतात, चिरा जातात. दाब जास्त झाला तर बॅट खूप टिकते, पण चेंडू मेल्यासारखा जातो. कारण लाकूड लवत नाही, चेंडूच जास्त चेपतो आणि फटक्याचा जोर त्यातच जिरतो. चांगला कारागीर प्रत्येक फळीचा मऊपणा पाहून दाब ठरवतो. गिऱ्हाईक मात्र रेघा मोजत आणि स्टिकर बघत बसते!

दाबाइतकाच घाट महत्त्वाचा. पाठीमागचे लाकूड कोरून कमी करतात आणि मधल्या फुगवट्यात व कडांना राखतात. फुगवट्याजवळ चेंडू बसला तर हात झिणझिणत नाहीत. वजन टोकाकडे गेले तर तीच बॅट उचलायला जड वाटते. अलीकडे लाकूड जास्त वाळवून आणि बेताने दाबून जाड पण हलक्या बॅटी निघू लागल्या, तेव्हा १ ऑक्टोबर २०१७ पासून नियमानेच लगाम घातला : कड ४० मिलिमीटर, जाडी ६७ मिलिमीटर, त्याहून अधिक नाही. सचिनची बॅट सुमारे तीन पौंडांची असे. दहा वर्षांच्या मुलाला तसली घेऊन देऊ नका, मनगट त्याचे आहे.

आता आमच्या चुकीकडे येतो. रुळाचा दाब सपाट भागावर बसतो. गोलसर कडा आणि टोक कच्चेच राहते. तिथे लाकडी मोगरीने, आधी हलके आणि मग जोर वाढवत, रोज थोडे थोडे असे काही तास ठोकावे लागते. त्याआधी जवसाच्या तेलाचा पातळ हात द्यायचा. हे तेच जवस, ज्याला आपल्या कन्नड शेजारणी अगसी म्हणतात आणि ज्याची चटणी दोन्ही घरांत होते. तेल जास्त झाले तर बॅट जड आणि मंद होते. दांड्याला, म्हणजे वेताला (बेत्त म्हणा), तेल लावायचेच नाही.

नवी बॅट आणली आहे, या वेळी काश्मिरी विलोची. ती जरा जड आणि कठीण असते, पण खिशाला परवडते. रोज संध्याकाळी बाप-लेक गॅलरीत ठोकत बसतो. चौथ्या दिवशी खालच्या मजल्यावरच्या आजी वर आल्या आणि हात जोडून म्हणाल्या, ‘‘साक माडरी, सर!’’ अजून दोन तासांचे ठोकणे बाकी आहे.