पेज फॉल्ट आणि लॉक

पेज फॉल्ट म्हणजे? प्रोग्रॅमला हव्या असलेल्या मेमरीच्या पानाची (पेजची) वापरण्याजोगी नोंद पेज टेबलमध्ये नसली, की प्रोसेसर काम थांबवून कर्नलकडे वळतो. एक्स८६ संगणकांवर हे पान सहसा ४ किलोबाइटचे असते.

लॉक कशासाठी? एक थ्रेड फाइलचे पान जोडत असताना दुसऱ्याने तीच फाइल छाटली, तर रद्द झालेले पान प्रोग्रॅमच्या हाती राहू शकते.

२००७ : लिनक्स २.६.२३ मध्ये ‘नोपेज’ आणि ‘पॉप्युलेट’ या दोन जुन्या वाटांची जागा घेण्यासाठी ‘फॉल्ट’ हे एकच फंक्शन आले. पान लॉक केलेल्या स्थितीतच परत मिळू लागले. नोंद पूर्ण होईपर्यंत त्या पानाची छाटणी थांबते, त्यामुळे वरचा धोका टळतो.

२०२३ : लिनक्स ६.४ पासून बऱ्याच फॉल्टसाठी संपूर्ण प्रोसेसचा एकच मोठा लॉक घ्यावा लागत नाही, फक्त फॉल्ट झालेल्या मेमरी-क्षेत्राचा लॉक पुरतो. सुरुवात फाइलशी न जोडलेल्या मेमरीपासून झाली.

फायदा कोणाला? एकाच वेळी अनेक थ्रेड चालवणाऱ्या प्रोग्रॅमना. त्यांचे एकमेकांसाठी खोळंबणे घटते.