दारात उभी ती दोन पोरं

पुसदच्या इंजिनिअरिंग कॉलेजातून पदवी घेऊन लेकरू अमेरिकेत शिकायला गेलं, की कधी ना कधी व्हिडिओ कॉलवर एक बातमी येते. ‘आई, आज दारात दोन पोरं आली होती. पांढरा शर्ट, टाय, छातीवर काळी पाटी. फार अदबीनं बोलली आणि एक पुस्तक देऊन गेली.’ इकडे आईच्या पोटात गोळा येतो. संध्याकाळपर्यंत शेजारी, मामा आणि व्हॉट्सअॅप मिळून तिला सगळी ‘माहिती’ पुरवतात. ही पोरं पगारी असतात, त्यांना माणशी कमिशन मिळतं, त्यांच्यात चार-चार बायका करतात, एकदा घरात घेतलं की सुटका नाही.

ही पोरं म्हणजे मॉर्मन मिशनरी. त्यांच्या संस्थेचं पूर्ण नाव ‘द चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स’. जोसेफ स्मिथ यांनी ६ एप्रिल १८३० रोजी अमेरिकेतल्या न्यूयॉर्क राज्यात ती स्थापन केली. आज तिचं मुख्यालय युटा राज्यातल्या सॉल्ट लेक सिटीत आहे. ‘मॉर्मन’ हे टोपणनाव आता वापरू नका, असं चर्चच्या प्रमुखांनी २०१८ मध्ये सांगितलं. पण वाचक त्यांना याच नावानं ओळखतात, म्हणून इथं तेच ठेवलं आहे. त्यांचा धर्मविचार बरोबर की चूक, हा या लेखाचा विषय नाही. दारात उभं राहणारं ते पोर दिवसभर काय करतं आणि का करतं, एवढंच इथं पाहायचं आहे.

‘मिशनरी म्हटलं की दवाखाना नाही तर शाळा’

आपल्या जिल्ह्यात हा समज पक्का असणं साहजिक आहे. यवतमाळ जिल्ह्यानं मिशनरी पाहिले ते फ्री मेथडिस्ट मिशनचे. उमरीचा मिशन दवाखाना जुन्या माणसांना ठाऊक आहे. यवतमाळात १९५३ साली सुरू झालेली युनियन बिब्लिकल सेमिनरी १९८३ मध्ये पुण्याला जाईपर्यंत तिथंच होती. ती माणसं डॉक्टर, शिक्षक, पाद्री होती. मराठी शिकून त्यांनी इथं अर्धं आयुष्य काढलं.

मॉर्मन मिशनऱ्याचं तसं नाही. तो डॉक्टर नसतो आणि पाद्रीही नसतो. बहुतेक वेळा नुकतीच बारावी झालेला मुलगा असतो. मुलं १८व्या वर्षापासून जाऊ शकतात आणि २४ महिने राहतात. मुलींचा काळ १८ महिन्यांचा. ते संपले की घर, कॉलेज, नोकरी, लग्न हे सगळं नेहमीसारखं सुरू होतं. आपल्याकडे बौद्ध घरांतली मुलं श्रामणेर शिबिरात चीवर घालतात, नियम पाळतात आणि शिबिर संपलं की घरी परततात, त्याच जातीचं हे व्रत आहे. फक्त मुदत दोन वर्षांची आणि गाव परक्या देशातलं.

‘पगार मिळतो, माणशी कमिशन मिळतं’

सगळ्यात जास्त पसरलेला आणि सगळ्यात चुकीचा समज हाच.

मिशनरी पोराला पगार मिळत नाही, उलट त्यालाच पैसे भरावे लागतात. अमेरिकेतल्या मुलामागे जुलै २०२० पासून महिन्याला ५०० डॉलर भरायचे असतात. त्याआधी बरीच वर्षं हा आकडा ४०० होता. २४ महिन्यांचे १२,००० डॉलर होतात, म्हणजे रुपयांत दहा लाखांच्या आसपास. यातले काही पैसे पोरानं शाळेत असताना हॉटेलात भांडी घासून, लोकांची हिरवळ कापून साठवलेले असतात, काही आईबाप देतात आणि कमी पडलं तर त्यांच्या गावच्या चर्चची मंडळी हातभार लावतात. गरीब देशांतल्या मुलांना रक्कम कमी असते आणि बाकीचा भार सामाईक निधी उचलतो.

पूर्वी ज्याला जिथं पाठवलं तिथला खर्च त्यानंच सोसायचा. टोकियोला गेलेल्याचं घर कर्जात जायचं आणि स्वस्त देशात गेलेला आरामात राहायचा. १९९१ पासून सगळ्यांची रक्कम एकत्र करून जिथल्या-तिथल्या खर्चाप्रमाणे वाटायला लागले. आता खोलीचं भाडं मिशन, म्हणजे त्या भागातली चर्चची प्रचारव्यवस्था, भरतं आणि जेवणखाणाला महिन्याचे मोजके पैसे मिळतात. महिनाअखेर बटाट्यावर काढणारी ही पोरं पाहिली, तर कमिशनची गोष्ट कुणाला सुचणार नाही.

किती जणांना धर्मात आणलं याचा हिशेब मात्र ठेवला जातो, हे लपवण्यात अर्थ नाही. आठवड्याला किती भेटी झाल्या, किती जण प्रार्थनेला आले, किती जणांनी दीक्षेची तारीख ठरवली, हे सगळं वर कळवावं लागतं. आकड्यांमागे पैसा नसला तरी दडपण असतं. एकोणीस वर्षांच्या मुलाला रोज वीस दारांतून नकार मिळतो आणि रात्री तोच शून्याचा आकडा वहीत लिहावा लागतो. मला विचाराल तर या सगळ्या व्यवस्थेतली टीका करण्यासारखी गोष्ट पैसा नाही, हे दडपण आहे.

‘फुकटात परदेश पाहायला मिळतो’

फुकट नाही, हे वर आलंच. आता ‘पाहायला मिळतो’ याचं पाहू.

कुठं जायचं हे पोरानं निवडायचं नसतं. अर्ज भरायचा, वैद्यकीय तपासण्या करायच्या आणि वाट पाहायची. नेमणूक सॉल्ट लेक सिटीतून, चर्चच्या बारा वरिष्ठ नेत्यांच्या मंडळाकडून होते. ब्राझील निघेल, फिलिपाइन्स निघेल, नाहीतर शेजारचंच राज्य निघेल. मग प्रशिक्षण. त्याचं सर्वांत मोठं केंद्र युटातल्या प्रोवो शहरात आहे. परकी भाषा शिकायची असेल तर तिथं काही आठवडे सकाळ-संध्याकाळ तेच. व्याकरण कच्चं, पण प्रार्थना अस्खलित, अशा अवस्थेत पोरगं विमानात बसतं.

तिथं पोचल्यावरचा दिवस हॉस्टेलपेक्षा कडक असतो. साधारण साडेसहाला उठायचं, अर्धा तास व्यायाम, अंघोळ, नाश्ता, मग धर्मग्रंथांचा अभ्यास. आधी एकट्यानं, मग जोडीदाराबरोबर, परकी भाषा असेल तर तिचाही. त्यानंतर बाहेर पडायचं. रात्री नऊच्या सुमारास खोलीवर, साडेदहाला दिवा बंद. २०१७ पासून वेळा थोड्या सैल झाल्या, देशानुसार मागंपुढं करता येतात, पण चौकट तीच. सिनेमा नाही, मालिका नाही, प्रेमप्रकरण तर नाहीच नाही. गाणी आणि वाचन ठरवून दिलेलं.

आठवड्यात एक दिवस तयारीचा असतो, बहुतेक ठिकाणी सोमवार. तोही पूर्ण सुट्टीचा नव्हे. कपडे धुणं, किराणा, केस कापणं, खोली झाडणं आणि उरल्या वेळात एखादं देऊळ, किल्ला, बाग पाहणं. ज्या गावात दोन वर्षं काढली, तिथलं प्रसिद्ध ठिकाण पाहायचं राहून गेलं, असं सांगणारे परतलेले मिशनरी थोडे नाहीत.

घरी बोलण्याचा नियमही याच दिवसाशी बांधलेला. पूर्वी आईवडिलांशी फोन वर्षातून दोनदाच व्हायचा, नाताळला आणि मातृदिनाला. एरवी पत्रं, पुढं ईमेल. फेब्रुवारी २०१९ पासून आठवड्याला एकदा फोन किंवा व्हिडिओ कॉलची परवानगी मिळाली. हा बदल फार उशिरा झाला, असं मला वाटतं. अठरा वर्षांच्या पोराला सहा महिने आईचा आवाज ऐकू न देण्यात कसलं धर्मकार्य आहे, हे मला कधी समजलं नाही.

‘नेहमी दोघंच असतात, म्हणजे एकमेकांवर पाळत’

थोडं खरं आहे. जोडीदार स्वतः निवडायचा नसतो. मिशनचा प्रमुख तो नेमून देतो आणि काही आठवड्यांनी बदलतो. न्हाणीघर सोडलं तर दोघांनी एकमेकांच्या नजरेआड व्हायचं नाही. एक टोंगाचा, एक युटाचा, एकाला पहाटेच जाग येते, दुसरा घोरतो. भांडणं होतात, अबोला होतो, आणि तरी सकाळी एकत्रच बाहेर पडावं लागतं. पाळत आहे तशी सोबतही आहे. परक्या शहरात ताप आला, सायकलवरून पडलं, कुणी लुबाडलं, तर जवळ तो एकच असतो. पाटीवर मुलांच्या आडनावाआधी ‘एल्डर’ आणि मुलींच्या आडनावाआधी ‘सिस्टर’. पहिलं नाव दोन वर्षं जवळपास कुणी घेत नाही.

आणि हो, मुलीही असतात. अविवाहित मुलींना अधिकृतपणे पाठवायला १८९८ मध्ये सुरुवात झाली. २०१२ पर्यंत त्यांना २१ वर्षं पूर्ण असण्याची अट होती. त्या वर्षी ती १९ वर आली आणि मुलींचे अर्ज एकदम वाढले. मुलांसाठी मिशन हे कर्तव्य मानतात आणि मुलींसाठी ऐच्छिक. कर्तव्य म्हणजे सक्ती नव्हे, असं चर्च म्हणतं. पण ज्या वस्तीत प्रत्येक घरातला मुलगा जाऊन आला आहे, तिथं न जाणाऱ्याकडे किंवा मुदतीआधी परतणाऱ्याकडे लोक कसं पाहतात, हे गावात राहणाऱ्याला समजावून सांगायला नको.

‘यांच्यात बहुपत्नीकत्व चालतं’

चालत होतं. १८९० मध्ये चर्चचे तेव्हाचे अध्यक्ष विल्फर्ड वुड्रफ यांनी जाहीरनामा काढून ते थांबवलं, १९०४ मध्ये चर्चनं पुन्हा ताकीद दिली आणि आज तसं लग्न करणाऱ्याला चर्चमधून काढून टाकतात. बातम्यांत दिसणारे बहुपत्नीक पंथ वेगळे झालेले आहेत.

या मुद्द्याचा महाराष्ट्राशी जुना संबंध आहे. ऑगस्ट १८५२ मध्ये सॉल्ट लेक सिटीच्या एका खास अधिवेशनात हिंदुस्थानासाठी मिशनरी नेमले गेले आणि त्याच अधिवेशनात बहुपत्नीकत्वाची जाहीर घोषणाही झाली. त्याच वर्षी ह्यू फिंडले नावाचा स्कॉटिश मिशनरी इंग्लंडहून मुंबईत उतरला. पुढं त्यानं पुण्यात काम केलं आणि मराठीचे धडे घेतले. मराठ्यांना उद्देशून त्यानं लिहिलेली एक पुस्तिकाही मुंबईत छापली गेली. इकडं वर्तमानपत्रांनी त्याच्यावर तोंडसुख घेतलं आणि छावणीतल्या लष्करी अधिकाऱ्यांनी अडथळे आणले. युटातून निघालेले तेरा जण १८५३ मध्ये कलकत्त्याला पोचले, तोवर अनेक बायकांची बातमी त्यांच्याआधी येऊन बसली होती. खिशात पैसे न घेता निघालेली ही माणसं गोऱ्या शिपायांच्या आणि ओळखीपाळखीच्या आधारावर दिवस काढत होती. काही मोजक्या लोकांनी, त्यातही बहुतेक युरोपियनांनी, दीक्षा घेतली. १८५६ पर्यंत हा सगळा प्रयत्न गुंडाळला गेला.

तेव्हाचे बरेच मिशनरी संसारी होते, बायकापोरं मागं ठेवून आलेले. आजची अविवाहित, ठरावीक मुदतीची पोरं ही पुढच्या काळातली पद्धत.

‘आमच्या घरचा चहा घेतला नाही, म्हणजे आम्हाला हलकं समजतात’

असं अजिबात नाही, आणि या गैरसमजानं मराठी माणूस विनाकारण दुखावतो. १८३३ पासून चालत आलेल्या त्यांच्या आरोग्यनियमात चहा, कॉफी, दारू आणि तंबाखू वर्ज्य आहे. पुसदमध्ये तर चहाला नाही म्हणणं म्हणजे नातं तोडण्याची भाषा. पण त्या पोराला गव्हर्नरानं चहा दिला तरी तो घेणार नाही. ताक द्या, लिंबू सरबत द्या, तो दोन ग्लास पिईल. मांसाहार चालतो. सावजी रस्सा चालतो का, हे ज्याच्या-त्याच्या जिभेवर आहे. महिन्याच्या पहिल्या रविवारी मात्र ते दोन वेळचं जेवण सोडतात आणि वाचलेले पैसे गरिबांसाठी देतात. त्या दिवशी जेवायचा आग्रह करू नये.

‘उद्या पुसदच्या बसस्टँडवरही हे दिसतील’

जगभर सत्तर हजारांवर असे मिशनरी आहेत आणि २०२४ मध्ये मिशनची संख्या ४५० झाली, हे खरं. भारतात त्यांचं बंगळूर मिशन १९९३ पासून आहे आणि त्यानंतर दिल्लीचंही झालं. देशातल्या सभासदांचा पहिला मोठा विभाग २०१२ मध्ये हैदराबादला झाला आणि बंगळूरच्या मंदिराची घोषणा २०१८ मध्ये. हैदराबाद नांदेडमार्गे आपल्याला जवळच, पण म्हणून परदेशी पोरं गावोगाव उतरतील असं नाही. भारतात धर्मप्रचारासाठी परदेशी माणसाला मिशनरी व्हिसा लागतो. पर्यटक व्हिसावर आलेल्यानं प्रचार केला तर तो नियमभंग ठरतो. त्यामुळे इथं सेवा देणाऱ्यांत भारतीय तरुण-तरुणींचा मोठा भरणा असतो. राज्यघटनेच्या २५व्या कलमानं धर्माच्या प्रचाराचा हक्क दिला आहे. पण दुसऱ्याचं धर्मांतर घडवून आणण्याचा हक्क त्यात येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं १९७७ मध्ये स्टॅनिस्लॉस खटल्यात सांगितलं.

तिकडं शिकायला गेलेल्या आपल्या मुलांनी काय करावं? कुतूहल असेल तर बसवावं, विचारावं, अगदी बहुपत्नीकत्वाचंही विचारावं. पोरं चिडत नाहीत, त्यांना याची सवय असते. पुस्तक घेतलं म्हणून कुणी कशात बांधला जात नाही. सही कशावरही करू नये आणि पुढच्या भेटीची वेळ संकोचापोटी देऊ नये, कारण दिली की ते त्या वेळेला नक्की येतात. नको असेल तर दारातच स्पष्ट ‘नो, थँक यू’ म्हणावं आणि परत येऊ नका असंही सांगावं.